प्लेटा आणणारी बाई

माझ्या गोळाभातावरची फॉइल कोणी काढलीच नाही.

दिवाळीचा पॉटलक होता. जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगची तळमजल्यावरची कम्युनिटी रूम. भिंतीला लावलेली तीन लांब टेबलं आणि त्यांवर अठरा-वीस ट्रे. छोले, पुलाव, बटाटेवडे, दोन तऱ्हेचं श्रीखंड. प्रत्येक ट्रेपुढे एक चिठ्ठी, तिच्यावर पदार्थाचं नाव आणि करणारीचं नाव. माझा ट्रे उजवीकडून चौथा. सकाळी सहाला उठून केला होता. डाळ भिजवून वाटली, गोळे वळले, भातात सोडले. वर घालायची लसणाची फोडणी वेगळ्या डब्यात.

मुलीला बाथरूमला घेऊन गेले. दहा मिनिटांनी परत आले तर चौथा ट्रे जागेवर नव्हता. तो टेबलाखाली होता, सोड्याच्या बाटल्यांशेजारी. फॉइल होती तशीच. मला वाटलं कोणीतरी चुकून खाली ठेवला. मी वाकून उचलायला गेले तर अनघा आली. अनघा म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी, सातव्या मजल्यावरची.

"अगं राहू दे. जागाच पुरत नव्हती. आणि किती झालंय जेवण!"

जागा होती. तिसऱ्या आणि पाचव्या ट्रेच्या मध्ये एका ट्रेएवढी मोकळी जागा होती. तिथे माझी चिठ्ठीही होती. गोळाभात, आणि खाली माझं नाव.

त्याच्या अर्धा तास आधी एवढंच झालं होतं. अनघाच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "कुठली गं तू?" नागपूरची, काकू. "नागपुरात कुठे?" मी वस्तीचं नाव सांगितलं. "आडनाव काय म्हणालीस?" मी आडनाव सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या. मग उठल्या आणि अनघाकडे गेल्या.

माझ्या आईने लहानपणीच शिकवलं होतं. कोणी विचारलं तर जिल्हा सांगायचा, वस्ती सांगायची नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी ते पाळलं, पुण्यातल्या नोकरीतही पाळलं. इथे येऊन तीन महिने झाले होते आणि मी विसरले. विमानाने एवढं लांब आलो म्हणजे सुटलो, असं वाटलं मला. बावळटपणा, दुसरं काय.

मी ट्रे घरी आणला. प्रशांत, माझा नवरा, म्हणाला, "बरं झालं यार, चार दिवसांच्या डब्याचं काम झालं." त्याने मला काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्याला न सांगताच कळलं होतं. तो अकोल्याचा आहे, पण असल्या गोष्टी अकोल्यातही कळतात. चार दिवस आम्ही गोळाभात खाल्ला. चांगला झाला होता.

आमच्या मंडळाची एक पद्धत आहे. पॉटलकच्या दोन आठवडे आधी ग्रुपवर शीट येते. एका रकान्यात काय आणायचं, दुसऱ्यात कोण आणणार. ज्याला जे जमेल त्यापुढे त्याने नाव टाकायचं. संक्रांतीची शीट आली तेव्हा मी उघडली, आणि माझं नाव आधीच तिथे होतं. सगळ्यात खालची ओळ. पेपर प्लेट्स, ग्लासेस, नॅपकिन्स.

अनघाचा फोनही आला. "तुझी लेक लहान आहे ना, कशाला स्वयंपाकाचा व्याप? तू आपलं सोपं काहीतरी आण."

मला भरून आलं. खरं सांगते, भरून आलं. मी आईला फोन करून सांगितलं की इथली माणसं चांगली आहेत, माझी काळजी घेतात. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. अन् पोरीले तिथं जेवू घालतात ना नीट?"

सहा वर्षं मी प्लेटा आणल्या.

संक्रांत, पाडवा, जूनची पिकनिक, गणपती, दिवाळी. माझ्या डोळ्यांदेखत बायका बाळंत झाल्या आणि दोन महिन्यांचं मूल कडेवर घेऊन खरवस घेऊन आल्या. कोणी त्यांना म्हटलं नाही की कशाला व्याप. माझी मुलगी सात वर्षांची झाली, नऊ वर्षांची झाली, अकरा वर्षांची झाली. माझी ओळ बदलली नाही. मागचीच शीट कॉपी करायची, तारीख बदलायची, पदार्थांपुढची नावं पुसायची. माझं तेवढं नाव कधी पुसलं गेलं नाही. ते छापल्यासारखं तिथेच.

कधी कळलं, असं मला विचाराल तर सांगता येणार नाही. एकदम नाही कळलं. पाय बधिर होतो तसं झालं. मांडी घालून बसलेलं असताना कळत नाही, उठायला गेलं की कळतं. मी उठायलाच गेले नाही.

मग जायचीस कशाला, असं कोणीही विचारेल. सांगते. दर रविवारी त्याच खोलीत मराठी शाळा भरते. माझी मुलगी मैत्री तिथे जायची. तिची एकुलती एक मैत्रीण रिया, ती अनघाची मुलगी. दोघी एकाच वर्गात, एकाच बसमध्ये. आणि दुसरं कारण माझं स्वतःचं. परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस लाचार होतो. "काय गं, बरी आहेस ना?" एवढं ऐकायला मी दोनशे प्लेटांचा गठ्ठा घेऊन लिफ्टने खाली जायचे.

आणि मैत्रीला आम्ही काही सांगितलेलं नव्हतं. प्रशांतचं आणि माझं तसं ठरलेलंच होतं. आमच्या घरात एक फोटो आहे, निळ्या कोटातला. प्रत्येक घरी तो हॉलमध्ये असतो, माझ्या आईच्या घरी तर दारातून आत पाऊल टाकलं की समोरच. आमच्याकडे तो बेडरूममध्ये होता, कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर. कोणी आलं की बेडरूमचं दार लावायचं. लहानपणी मैत्रीने विचारलं होतं की हे कोण. मी म्हटलं, खूप शिकलेले होते. बस्स. आम्हाला वाटायचं, तिला सांगितलंच नाही तर ते आमच्यापाशीच संपेल. तिला या देशात कोरी पाटी मिळेल. एवढ्यासाठीच तर सगळं गिळत होतो.

आता सिनेमाचं सांगते.

अनघा मॅनहॅटनमधल्या एका मोठ्या कंपनीत आहे. तिचं कामच डायव्हर्सिटीचं. कुठल्या टीममध्ये कोण कमी आहे, कोणाचा आवाज ऐकू येत नाही, हे बघायचं आणि वरच्यांना समजावून सांगायचं. बोलते फार छान. पॅनलवर बसते, बक्षिसं मिळालीत. आमच्या मंडळाच्या फोटोखालीही ती लिहायची, बघा किती डायव्हर्सिटी! पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर! नागपूर म्हणजे मी. फोटोत डावीकडून शेवटची.

फेब्रुवारीत तिने ग्रुपवर टाकलं की शनिवारी दुपारी कम्युनिटी रूममध्ये सगळ्यांनी मिळून एक कोरियन सिनेमा बघायचा. फॅमिली ड्रामा. मुलांनाही आणा. नंतर चर्चा. आणि खाली, प्लीज, चहाचे कप आणि प्लेट्स, पुढे माझं नाव.

बाहेर रस्त्यावर बर्फाचा काळा चिखल झाला होता. आत चाळीस खुर्च्या. सुरुवातीला अनघा उभी राहिली. म्हणाली, "इतकी वर्षं पडद्यावर आपले चेहरे नव्हते. असले तरी विनोदाला. हा सिनेमा कोरियन माणसांचा आहे, त्यांच्या भाषेत आहे, पण तुम्ही बघाल, ही आपलीच गोष्ट आहे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

गोष्ट साधी होती. काही दशकांपूर्वीचा काळ. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात एक कोरियन कुटुंब लाँड्री चालवतं. आई, बाप, एक मुलगी. गिऱ्हाइकं बापाचं नाव मुद्दाम चुकीचं उच्चारतात. मुलीच्या डब्याचा वास येतो म्हणून वर्गातली पोरं नाक धरतात. मग कोरियाहून आजी येते. आजीला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. नात तिच्याशी बोलत नाही, मग हळूहळू बोलायला लागते.

डब्याच्या प्रसंगाला माझ्या आजूबाजूला सगळे डोळे पुसत होते. मी कोरडी. मला डब्याचं काही नव्हतं. माझ्या डब्याला नाक मुरडणारे गोरे नव्हते.

मग चर्चचा प्रसंग आला.

गावात आणखी आठ-दहा कोरियन कुटुंबं असतात. रविवारी प्रार्थना झाली की चर्चच्या किचनमध्ये सगळ्या बायका आपापली भांडी आणतात, एकत्र जेवतात. आजी तिथे मांस कापायला बसते. काय सफाई तिच्या हाताला! एकेक काप सारखा. एक म्हातारी बघत राहते. मग विचारते, तुमचं गाव कोणतं? आजी सांगते. वडील काय करायचे? आजीचा हात थांबतो. खाली अक्षरं येतात, खाटीक होते. म्हातारी उठून जाते. मग टेबल दिसतं. सगळी भांडी उघडी, सगळ्यांतून वाफ येतेय, लोक वाढून घेतायत. शेवटी आजीचं भांडं, झाकण लावलेलं. कोणी हात लावत नाही. कॅमेरा त्या झाकणावर थांबतो. बराच वेळ.

मी त्या झाकणाकडे बघत राहिले. 

मागे कोणीतरी म्हणालं, "हे जरा लांबवलंय यार." एक जण पॉपकॉर्न आणायला उठला.

पडद्यावर ते कुटुंब गाडीतून घरी जात होतं. भांडं आजीच्या मांडीवर. बाप गाडी चालवता चालवता बायकोला हळूच म्हणतो, मुलीला सांगू नकोस. बस्स. पुढे सिनेमा दुसरीकडे गेला. लाँड्रीला आग लागते, आजी आजारी पडते, शेवटी नात तिचा हात धरते. मला त्यातलं फारसं काही दिसलं नाही. माझ्या शेजारी मैत्री बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, पडद्याकडे नाही.

सिनेमा संपला, दिवे लागले. नाक शिंकरण्याचे आवाज. अनघाने खुर्च्या गोल करायला लावल्या. तिची ऑफिसमधली पद्धत. प्रत्येकाने सांगायचं, मी स्वतःला कोणात पाहिलं.

मंडळातले संजयकाका म्हणाले, "तो बाप म्हणजे मी. माझ्या पहिल्या मॅनेजरने दोन वर्षं माझं नाव नीट घेतलं नाही." एक बाई म्हणाल्या, त्यांच्या मुलाने शाळेत उपमा न्यायचंच सोडलं. त्यांना पुढे बोलवेना, शेजारणीने त्यांना जवळ घेतलं. कोणी आईत होतं, कोणी त्या मुलीत. आजीत कोणीच नव्हतं. म्हणजे आजी गोड आहे, माझी आजी आठवली, असं चार जणी म्हणाल्या. पण त्या झाकणाचं कोणी नाव काढलं नाही. सव्वादोन तासांच्या सिनेमातून तेवढं भांडं अलगद उचलून सगळ्यांनी टेबलाखाली ठेवलं होतं.

मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. मीही डब्याचं सांगणार होते. खोटं. दोन वाक्यं, संपलं.

तेवढ्यात मैत्रीने शाळेत करतात तसा हात वर केला. अनघाला कोण कौतुक! "येस स्वीटी, बोल!" तिने फोनही वर धरला, फोटो काढायला.

मैत्री इंग्रजीतच बोलली, मध्ये मध्ये मराठी. "मला एक कळलं नाही. दोज लेडीज आर ऑल्सो कोरियन, राइट? देन व्हाय डिडन्ट दे ईट हर फूड?"

"अगं, ती कोरियातली फार जुनी गोष्ट आहे. काही लोकांना ते कमी समजायचे. व्हेरी सॅड. पण आपल्यात असलं काही नसतं."

मैत्रीने क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "बट वी ऑल्वेज ब्रिंग द प्लेट्स."

दोघे-तिघे हसले. त्यांना काही कळलंच नव्हतं. बाकीचे हसले नाहीत. त्यावरून मला समजलं, किती जणांना माहीत होतं ते. सहा वर्षं मला वाटायचं की फक्त अनघाला माहीत आहे आणि तिच्या सासूला. खोलीभर माणसं खाली बघत होती.

अनघा हसली. हसू तिला चांगलं जमतं. "प्लेट्स म्हणजे, तुझी आई बिझी असते ना, म्हणून. आपल्यात असलं काही नसतं." आणि माझ्याकडे वळली. "हो ना गं?"

हो म्हणायला काहीच लागलं नसतं. सहा वर्षं मी तेच म्हणत आले होते, त्याच्या आधी पुण्यात, त्याच्या आधी कॉलेजात. एक "हो". चर्चा पुढे सरकली असती, चहा झाला असता, रिया आणि मैत्री लिफ्टमध्ये खिदळत वर गेल्या असत्या. आणि मैत्रीला कळलं असतं की तिने जे डोळ्यांनी बघितलं ते खोटं. तिच्या आईनेच सांगितलं, खोटं. मग ती आयुष्यभर स्वतःचे डोळे तपासत बसली असती. मी बसले तशी.

"नाही," मी म्हटलं.

आवाज चढला नाही माझा. रोज सकाळी ऑफिसच्या कॉलवर काल काय केलं, आज काय करणार सांगते, त्याच आवाजात बोलले. "नाही. आपल्यात आहे. त्या आजीचं भांडं राहिलं तसा माझा ट्रे या खोलीत टेबलाखाली ठेवला होता. तुझ्या सासूबाईंनी माझं आडनाव विचारल्यावर. त्यानंतर मला कोणी शिजवून आणू दिलेलं नाही. मी त्या आजीत आहे. माझी पाळी आली होती ना, म्हणून सांगितलं."

 

अनघाचा चेहरा उतरला. पण ती सावरली. दुखावल्यासारखी म्हणाली, "अगं, निदान इथे अमेरिकेत तरी कशाला आणतेस हे सगळं?"

"मी काहीच आणत नाही," मी म्हटलं. "मी फक्त प्लेटा आणते. शीटवर तूच लिहितेस."

संजयकाका म्हणाले, "चहा घेऊ या का?" सगळे उठले, जीव सुटल्यासारखे. चहा घेतला. मी आणलेल्या कपांतून.

मला बरं वाटेल असं कुठेतरी वाचलं होतं. बोललं की मोकळं वाटतं म्हणे. मला काही वाटलं नाही. जॅकेटची चेन लागत नव्हती. मैत्रीनेच लावून दिली.

लिफ्टमध्ये तिने विचारलं, "आई, आर वी बुचर्स?"

"नाही."

"मग काय?"

घरी गेल्यावर मी बेडरूममधला फोटो भिंतीवरून उतरवला. हॉलमध्ये सोफ्याच्या वरच्या भिंतीवर खिळा ठोकायला लागले. प्रशांत आतून आला. बघत राहिला. मी झालेलं सांगितलं. तो चिडला. "डोकं फिरलंय का तुझं? रोज त्याच बसमध्ये जाते ती. उद्या तिला कोणी काही बोललं तर?" मी ठोकत राहिले. तो येरझाऱ्या घालत राहिला. मग माझ्या हातून हातोडी घेतली. "वाकडा बसलाय," म्हणाला. खिळा उपटला आणि सरळ ठोकला.

मग आम्ही तिला सांगितलं. सगळं. माझी आजी विहिरीपासून लांब उभी राहायची आणि वरून कोणी पाणी ओतायचं, ते. तिचा मुलगा म्हणजे माझे वडील पोस्टात लागले, तिथे त्यांचा पाण्याचा पेला वेगळा असायचा, ते. ट्रेचं, "हं"चं. फोटोतल्या माणसाने काय केलं ते. मैत्री ऐकत होती. मध्ये एकदा विचारलं, "डज रिया नो?"

"मला माहीत नाही. तिच्या आजीला माहीत आहे."

"आणि तू मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटत होती."

"लाज ऑफ व्हॉट?"

 मास्टर्स केलं, दोन देशांत नोकऱ्या केल्या, पण पोरीच्या या एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर येईना. कसली लाज? भात मी केला, चांगला केला. झाकून त्यांनी ठेवला. लाज मला. सहा वर्षं मी त्यांची लाज वागवत होते, प्लेटांच्या गठ्ठ्यासोबत वर-खाली. मला त्या क्षणी राग आला. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा, पोटातून. थोडाच वेळ टिकला. पण आला.

दोन दिवसांनी अनघाचा मेसेज आला. तू हर्ट झालीस याचं वाईट वाटलं, पण मुलांसमोर हा विषय योग्य नव्हता. मी उत्तर दिलं नाही. त्याच आठवड्यात तिने तिच्या कामाच्या पेजवर त्या दुपारचे फोटो टाकले. पहिलाच फोटो मैत्रीचा, हात वर केलेला. खाली लिहिलं होतं की मुलं प्रश्न विचारू लागली म्हणजे सिनेमा पोचला. रिप्रेझेंटेशन मॅटर्स. शेकडो लोकांना आवडला होता. प्रश्न काय होता ते कुठेच लिहिलं नव्हतं.

मी तो फोटो काढायला लावला. एका ओळीत. माझ्या मुलीचा फोटो काढून टाक. तासाभरात काढला.

मार्चमध्ये पाडव्याची शीट आली. कॉपी केलेली. खालच्या ओळीत माझं नाव. एवढं सगळं होऊनही पुसायचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी ते पुसलं. वर पुरणपोळी आणि साबुदाणावड्याच्या मध्ये नवीन ओळ घातली. गोळाभात, फुल ट्रे. पुढे माझं नाव, आडनावासकट.

खालची ओळ रिकामी राहिली. पेपर प्लेट्स, ग्लासेस, नॅपकिन्स, पुढे काही नाही. दोन आठवडे ती सगळ्यांनी बघितली असणार. प्रत्येक जण आपापला पदार्थ भरायला तिथूनच गेला. ती ओळ वाचायची असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. प्लेटा असतातच, पाण्यासारख्या. त्या कोणी आणाव्या लागतात, हे फक्त मला माहीत होतं.

पाडव्याला खोली भरलेली होती. बायका नऊवारीत, पैठणीत. मी आणि मैत्रीने ट्रे दोन्ही बाजूंनी धरून आणला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. फॉइल मी काढली. फोडणी गरम करून आणली होती, ती वरून घातली. लसणाचा वास सुटला. मग सगळे रांगेत उभे राहिले. पुढे संजयकाका. त्यांनी सवयीने टेबलाच्या टोकाशी हात नेला. तिथे काही नव्हतं.

"प्लेट्स कुठायत?"

रांग माझ्याकडे वळली. अख्खी. अनघा लगबगीने आली. "अगं, प्लेट्स?"

"मी गोळाभात आणलाय."

"हो, पण प्लेट्स? आता खायचं कशात सगळ्यांनी?"

मी पिशवीतून दोन स्टीलच्या ताटल्या काढल्या. घरच्या. एक मैत्रीची, एक माझी. आम्ही वाढून घेतलं आणि भिंतीशी न जाता, खोलीच्या मध्यावरच्या खुर्च्यांवर बसलो. कोणाच्या तरी नवऱ्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं. तो येईपर्यंत पन्नास-साठ माणसं भरल्या टेबलासमोर उभी होती. आम्ही दोघी जेवत होतो.

प्लेटा आल्या. रांग हलली. माझ्या ट्रेपाशी आली की चमचे पुढच्या ट्रेवर जात होते. मला अपेक्षा नव्हती. मी मोजतही नव्हते. मग रिया आली. प्लेट पुढे करून मैत्रीला म्हणाली, "कॅन आय ट्राय?" मैत्रीने चमचा उचलला.

"रिया," अनघाची हाक आली. "इकडे ये. आधी पोळी घे."

रिया उभी राहिली. आईकडे बघितलं, मैत्रीकडे बघितलं. मग गेली. मैत्रीचा चमचा तसाच हवेत. तिचे डोळे भरले. मी तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला पाहिजे होतं का, माहीत नाही. मी तिच्या ताटलीत आणखी एक गोळा वाढला. म्हटलं, "जेव. सावकाश जेव. आपल्याला घाई नाही."

ती जेवली. शेवटच्या शितापर्यंत, सगळ्यांसमोर, मान वर करून. ट्रे तीन चतुर्थांश भरलेला परत आला. या वेळी आम्ही तो झाकला नाही. उघडाच लिफ्टमधून नेला, दोन्ही बाजूंनी धरून.

आता जूनच्या पिकनिकची शीट आली आहे. प्लेटांपुढे तिघींची नावं आहेत, घाईघाईने टाकलेली. मी माझी ओळ भरली. गोळाभात, फुल ट्रे. नंतर गणपतीची येईल, दिवाळीची येईल. प्रत्येकीत मी हेच भरणार. कोणी खाओ न खाओ. फॉइल मी काढणार, आणि ट्रे टेबलाखाली गेला तर तो मी सगळ्यांदेखत परत वर ठेवणार. प्लेटा आणणारी बाई आता त्यांनी दुसरी शोधावी.